संविधान: आपल्या सगळ्यांची नियमावली

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी नुकतीच शेतातून येऊन हातपाय धुऊन बसली असाल. दर वेळी आपण बचत, अंतर्गत कर्ज, शेळीपालन, परसबाग यावर बोलतो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तो परका नाही. आज आपण भारताच्या संविधानाबद्दल बोलणार आहोत.

आम्ही समन्वयक गटांच्या बैठकांना फिरतो तेव्हा काही तक्रारी गावोगाव सारख्याच ऐकू येतात. पहिली अशी: "ताई, ग्रामपंचायतीतून रजिस्टर घेऊन माणूस घरी येतो आणि महिला सभेची सही करा म्हणतो. सभा कधी झाली ते आम्हाला ठाऊकच नाही." दुसरी: "फायनान्सवाले अंधार पडला तरी दारातून उठत नाहीत. हप्ता चुकला तर पोलिसांत देऊ म्हणतात." आणि तिसरी: "आमच्या गावाला सरपंच बाई आहे, पण कारभार तिचा नवराच बघतो."

या तिन्ही तक्रारींची उत्तरं शोधायला गेलं की वाट शेवटी एकाच पुस्तकाशी पोचते. ते पुस्तक म्हणजे संविधान. तिथे जाण्याआधी ते आहे तरी काय, हे समजून घेऊ.

आपला गट सुरू झाला तेव्हा आपण सगळ्यात आधी काय केलं? नियमावली केली. बैठक कोणत्या वारी, बचत किती, कर्ज कुणाला आधी, उशीर झाला तर दंड किती, हे सगळं ठरवलं. अध्यक्ष निवडली, सचिव निवडली. बँकेतून पैसे काढायला एकटीची सही चालणार नाही, हे ठरवलं. हिशेबाची वही सगळ्यांसमोर वाचायची, हेही ठरवलं. अध्यक्षीणबाईंवर आपला विश्वास नव्हता म्हणून हे केलं का? नाही. कितीही चांगली बाई असली तरी पेटी, किल्ली आणि वही एकाच हातात द्यायची नसते, हे आपल्याला कळत होतं.

देशाचंही असंच आहे. संविधान ही देशाची नियमावली. सरकार कसं बनेल, कुणाच्या हातात किती सत्ता राहील, ती किती काळ राहील आणि ती चुकीची वापरली तर कुठे दाद मागायची, हे त्यात लिहिलेलं आहे. शिवाय सरकारला हात लावता येणार नाही असे आपले हक्क कोणते, हेही त्यात आहे. कुंपणच शेत खायला लागलं तर काय करायचं, याचा विचार आधीच करून ठेवलेला आहे.

ही नियमावली कुणी केली? ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत संविधान सभेची पहिली बैठक झाली. मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जवळजवळ तीन वर्षं चर्चा झाली, कलमामागून कलम वाचलं गेलं, हजारो दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारलं गेलं आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झालं. म्हणून २६ नोव्हेंबरला आपण संविधान दिन पाळतो आणि २६ जानेवारीला प्रजासत्ताक दिन.

त्या सभेत पंधरा बायकाही होत्या, हे आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे? केरळच्या दाक्षायणी वेलायुधन त्या सभेतल्या एकमेव दलित महिला होत्या. आंध्रच्या दुर्गाबाईंचं लग्न लहानपणीच लावलं गेलं होतं. मोठेपणी ते नातं मागे ठेवून त्या शिकल्या, वकील झाल्या. पुढे त्यांनी सी. डी. देशमुखांशी लग्न केलं, म्हणून आपण त्यांना दुर्गाबाई देशमुख म्हणून ओळखतो. हंसाबेन मेहता होत्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री देशातल्या सगळ्या स्त्रियांच्या वतीने त्यांनी संविधान सभेला तिरंगा अर्पण केला. म्हणजे या नियमावलीवर आपल्याही सह्या आहेत. ती वरून कुणी दिलेली भेट नाही.

संविधानाची सुरुवात 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांनी होते. राजाने प्रजेला दिलं किंवा सरकारने जनतेला दिलं, असं तिथे लिहिलेलं नाही. आपणच हे संविधान स्वतःला अर्पण केलं, असं लिहिलं आहे. शाळेत मुलं परिपाठाला उद्देशिका म्हणतात. एकदा घरी त्यांना म्हणायला सांगा आणि एकेक शब्द नीट ऐका. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे चारही शब्द आपल्या कामाचे आहेत.

संविधानाने पहिल्याच दिवसापासून बाई आणि पुरुष दोघांना मताचा अधिकार दिला. शिकलेली असो की अंगठा लावणारी, जमीन असलेली असो की मजुरी करणारी, एकीचं एकच मत आणि सगळ्यांच्या मताची किंमत सारखी. पण अधिकार कागदावर मिळाला तरी तो हातात यायला मेहनत लागते. १९५१-५२ ची पहिली निवडणूक आली. मतदार याद्या करायला माणसं घरोघर गेली, तेव्हा काही प्रांतांत बायका आपलं नावच सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहून घेतलं गेलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की मतदाराचं स्वतःचं नाव हवंच. नाव सांगायला मुदत दिली. तरीही जवळजवळ २८ लाख बायकांची नावं मिळाली नाहीत आणि ती यादीतून वगळावी लागली. हक्क होता, पण नाव नव्हतं म्हणून मत गेलं.

आज आपल्या महाराष्ट्रात उलटी गोष्ट घडते आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. 'अमक्याची बायको' इथपासून 'अमकीचं लेकरू' इथपर्यंत यायला सत्तर वर्षांवर काळ लागला. म्हणून बैठकीत आम्ही पुन्हा पुन्हा विचारतो: मतदार यादीत नाव आहे का? रेशनकार्डावर बरोबर आहे का? घराच्या नोंदीवर आहे का? सात-बारावर आहे का? नाव ही साधी गोष्ट नाही.

आता कारभाराची रचना पाहू. संविधानाने सत्तेची तीन कामं तीन ठिकाणी वाटली आहेत.

पहिलं काम कायदे करायचं. ते दिल्लीत संसद करते आणि राज्यात विधिमंडळ करतं. लोकसभेत ५४३ खासदार निवडून जातात, त्यातले ४८ महाराष्ट्रातले. आपल्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. दुसरं काम ते कायदे राबवायचं. ते मंत्रिमंडळ आणि त्यांच्या हाताखालचं प्रशासन करतं. जिल्हाधिकारी, तहसीलदार, पोलीस, तलाठी, ग्रामसेवक हे सगळे यात आले. तिसरं काम न्याय करायचं. ते तालुक्याच्या न्यायालयापासून मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत आणि दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालतं.

कायदा करणारा, राबवणारा आणि चूक-बरोबर ठरवणारा एकच असला तर काय होईल, हे आपल्या गटाच्या पेटीवरून सहज समजेल. शिवाय काही कामं संविधानाने सरकारपासून अंतरावर ठेवली आहेत. निवडणूक घेण्याचं काम निवडणूक आयोगाकडे आहे. सरकारी खर्चाचा हिशेब तपासण्याचं काम महालेखापरीक्षकांकडे आहे. म्हणजे ज्याने पैसे खर्च केले, त्यानेच स्वतःला शाबासकी द्यायची नाही.

आणखी एक वाटणी आहे, ती आपल्या रोजच्या उपयोगाची. संरक्षण, रेल्वे, नोटा छापणं हे केंद्राचे विषय. पोलीस, शेती, दवाखाने, पाणी हे राज्याचे. शिक्षण, जंगल, लग्न-घटस्फोट यांवर दोघंही कायदा करू शकतात. आणि गावपातळीवर ग्रामपंचायतीकडे सोपवता येतील असे २९ विषय संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत दिले आहेत. पिण्याचं पाणी, गावचे रस्ते, प्राथमिक शाळा, महिला व बालविकास, रेशन हे त्यातलेच. हे माहीत असलं की नळाला पाणी नाही म्हणून खासदारांच्या गाडीमागे पळावं लागत नाही. आधी कोणत्या दारात जायचं, ते कळतं.

आता हक्कांकडे वळू. मूलभूत हक्क संविधानाच्या तिसऱ्या भागात आहेत. सगळी कलमं पाठ करायची गरज नाही. चार-पाच तेवढी लक्षात ठेवू.

कलम १४ म्हणतं, कायद्यासमोर सगळे समान. कलम १५ म्हणतं, धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून सरकार भेदभाव करणार नाही. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष सोयी करता येतील. कुणी म्हणालं, "बायकांना एसटीत अर्धं तिकीट का, मग कुठे राहिली समानता?" तर हे उत्तर द्यायचं. मागे ठेवलेल्याला हात देऊन पुढे आणणं हाही समतेचाच भाग आहे, असं संविधानच म्हणतं. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. ती पाळणं हा गुन्हा आहे. कलम १९ ने बोलण्याचं, शांततेने एकत्र जमण्याचं आणि संघटना करण्याचं स्वातंत्र्य दिलं. आपला गट, आपला ग्रामसंघ उभा राहिला तो याच स्वातंत्र्यावर. आणि कलम २१ ने जगण्याचा हक्क दिला. जगणं म्हणजे नुसता श्वास घेणं नव्हे, मानाने जगणं, असं न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे.

मघाची फायनान्सवाल्यांची तक्रार घेऊ. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: कर्ज घेतलं की फेडायचं, हे आपण गटात पहिल्या दिवसापासून शिकतो. कर्ज बुडवा, असं आम्ही कधीच सांगणार नाही. पण हप्ता थकणं हा गुन्हा नाही. तो देण्याघेण्याचा व्यवहार आहे, त्यासाठी दिवाणी मार्ग आहे. नुसता हप्ता थकला म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. वसुलीला आलेल्या माणसाने शिवीगाळ करणं, धमकावणं, सतत फोन करत राहणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर अब्रू काढणं याला रिझर्व्ह बँकेच्या सूक्ष्म कर्जाच्या नियमांत बंदी आहे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही, हेही त्यात आहे. असं कुणी वागलं तर एकटीने रडत बसू नका. गटात सांगा, तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करता येते.

आणि पोलिसांचं म्हणाल, तर त्यांनाही नियम आहेत. अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण सांगावं लागतं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. हे संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे. शिवाय फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याप्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक प्रसंग असेल, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. एवढं माहीत असलं तरी "पोलिसांत देतो" या शब्दांची भीती निम्मी होते.

पण हक्क कुणी मोडलाच तर? त्यासाठी कलम ३२ आहे. मूलभूत हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. कलम २२६ प्रमाणे उच्च न्यायालयातही जाता येतं. डॉ. आंबेडकरांनी कलम ३२ ला संविधानाचा आत्मा मानलं होतं. कारण दाद मागायची सोय नसेल तर हक्क म्हणजे नुसती शाई.

तुम्ही म्हणाल, आम्ही गरीब बायका, वकिलाची फी कुठून आणायची? संविधानाच्या कलम ३९क मध्ये मोफत विधी सहाय्याचं तत्त्व आहे आणि त्यावर १९८७ साली कायदा झाला. त्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण असतं. फोनचा क्रमांक आहे १५१००. पुन्हा सांगतो, एक-पाच-एक-शून्य-शून्य. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बायकांनी न्यायालयात जाऊन काय मिळवलं, याची दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं राजस्थानचं. भटेरी नावाच्या गावात एक बाई 'साथिन' म्हणून काम करायची. आपल्याकडे प्रेरिका किंवा समूह संसाधन व्यक्ती काम करते, तसंच गावात फिरून बायकांना सांगायचं काम. १९९२ साली तिने एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. तिला स्वतःला तिथे न्याय मिळाला नाही. पण महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा प्रश्न साधा होता: कामासाठी घराबाहेर पडलेल्या बाईच्या सुरक्षेची जबाबदारी कुणाची? १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने समानतेच्या आणि जगण्याच्या हक्काचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणासाठी नियम घालून दिले. त्यांना 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात. त्यातूनच २०१३ चा कायदा आला. आज जिल्ह्यात स्थानिक समिती असते. शेतमजूर, घरकामगार अशा बायकांनाही तिथे तक्रार करता येते. एका खेड्यातल्या बाईच्या दुःखातून देशभरच्या बायकांसाठी कायदा झाला. ते ऋण आपल्यावर आहे.

दुसरं उदाहरण आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावचं. तिथे एक बाई सरपंच झाली. ती सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहते, म्हणून तिला अपात्र करा, अशी गावातल्या काहींनी तक्रार केली. तिचं म्हणणं होतं की ती नवरा-मुलांसह वेगळ्या, भाड्याच्या घरात राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी तिला अपात्र ठरवलं. विभागीय आयुक्तांनी ते कायम केलं. उच्च न्यायालयातही तिला दिलासा मिळाला नाही. पण ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २७ सप्टेंबर २०२४ रोजी निकाल तिच्या बाजूने लागला. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला, त्यातून ग्रामीण भागातल्या बाईला, असं सहज काढून टाकता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. बाई सरपंच झाली हे गावातल्या काहींना पचलंच नव्हतं, हेही न्यायालयाने नोंदवलं.

आता इथे मघाची रचना आठवा. प्रशासनाने एक निर्णय दिला आणि न्यायालयाने तो तपासून बदलला. सत्ता वाटून ठेवली नसती तर ती बाई जिल्ह्याच्या कचेरीतूनच रिकाम्या हाताने परत गेली असती.

ती सरपंच झाली, त्याच्या मागेही संविधानच आहे. १९९२ साली ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. तिने पंचायतींना संविधानात पक्कं स्थान दिलं. दर पाच वर्षांनी निवडणूक आणि किमान एक तृतीयांश जागा बायकांसाठी, हे ठरलं. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते निम्म्यावर नेलं. लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये मंजूर झाली, ती जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर अमलात यायची आहे.

म्हणून तिसऱ्या तक्रारीचं उत्तर असं: खुर्ची संविधानाने बाईला दिली आहे, तिच्या नवऱ्याला नाही. सही तिची, जबाबदारी तिची, आणि काही चुकलं तर कारवाईही तिच्यावरच. तिला एकटं पाडू नका. ग्रामसभेत "सरपंचताई, तुम्हीच सांगा" असं चार जणींनी मोठ्याने म्हटलं तर तिलाही बोलायला बळ येतं. "बाईला काय कळतंय" असं म्हणण्यात आपणही कधी सामील होऊ नये. तीन लाखांचं गटाचं कर्ज बिनचूक फिरवणाऱ्या बायका आहोत आपण. ग्रामपंचायतीचा जमाखर्च आपल्याला कळत नाही, असं कोण म्हणेल?

आता पहिल्या तक्रारीकडे, म्हणजे रजिस्टरवरच्या सहीकडे. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. तिचं स्थान संविधानाने मान्य केलेलं आहे. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. पाण्याची टाकी कुठे, गटार कोणत्या आळीला आधी, वित्त आयोगाचे पैसे कशावर खर्च करायचे, हे गावच्या विकास आराखड्यात ठरतं. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हे पैसे कुठे गेले, हे विचारायची जागा म्हणजे महिला सभा. न झालेल्या सभेच्या रजिस्टरवर आपण सही केली की "बायकांना विचारलं, बायका हो म्हणाल्या" असं लिहून होतं. मग अंगणवाडीचं गळकं छप्पर तसंच राहतं आणि गावात नवी कमान उभी राहते.

तेव्हा सही मागायला कुणी आलं तर शांतपणे विचारा: सभा कधी झाली? कोणते ठराव झाले? वाचून दाखवा. उत्तर मिळालं नाही तर सही नाही. भांडण नको, आवाज चढवायला नको, फक्त सही नाही. आणि आधीच्या सभांचं इतिवृत्त हवं असेल तर माहिती अधिकार कायदा आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाहीत. साधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.

गाव करी ते राव न करी, असं आपल्याकडे म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ते करून दाखवलं. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं ही प्रथा बंद करायचा ठराव त्या गावाने केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. संविधानात आपली मूलभूत कर्तव्यंही दिली आहेत आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणं हे त्यातलं एक आहे. हे कर्तव्य पुरुषांचं तसं आपलंही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्याच गटातली विधवा मैत्रीण दाराबाहेर उभी राहत असेल, किंवा एखादीच्या घरी बैठक असली की चहा नको म्हणून दोघी-तिघी उठत असतील, तर संविधान आपल्या गटात अजून यायचं आहे.

शेवटचा मुद्दा. हे संविधान बदलता येतं का? येतं. वेळ बदलते तसे नियम बदलावे लागतात, आपणही गटाची बचत पन्नासाची शंभर केलीच. मताचं वय आधी २१ होतं, १९८९ मध्ये ते १८ झालं. पण २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. तो असा की संसदेला दुरुस्ती करता येईल, पण संविधानाचा मूळ पाया मोडता येणार नाही. भिंत बदला, खिडकी काढा, पण पाया उपसू नका.

तरी पुस्तक स्वतःहून कुणाला वाचवत नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि मार्च १९७७ पर्यंत राहिली. त्या काळात माणसांना खटल्याशिवाय तुरुंगात ठेवलं गेलं, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बहुमताने त्यांना दाद दिली नाही. पुढे लोकांनी मतदान करून सरकार बदललं. १९७८ मध्ये ४४ वी दुरुस्ती झाली आणि आता आणीबाणीतही कलम २१ चा जगण्याचा हक्क गोठवता येत नाही. कुंपण मोडलं होतं, लोकांनी ते पुन्हा बांधून घेतलं. जागं राहावं लागतं, ते यासाठी.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीसाठी तीन कामं. एक: बचत गोळा झाल्यावर पाच मिनिटं उद्देशिका मोठ्याने वाचा. शाळेच्या पुस्तकात ती आहे, एखाद्या मुलीला वाचायला बोलवा. दोन: प्रत्येकीने मतदार यादी, रेशनकार्ड आणि घराची नोंद यांवर आपलं नाव आहे का, बरोबर आहे का ते बघून यायचं. नसेल तिची यादी करून ग्रामसंघाकडे द्या, पुढच्या कागदपत्रांना आम्ही बरोबर येऊ. तीन: पुढची महिला सभा कधी आहे, हे ग्रामपंचायतीला लेखी विचारा आणि पोच घ्या. त्या सभेला निदान पंधरा-वीस जणी एकत्र जा आणि एकच ठराव मांडा. पाण्याचा असो, छपराचा असो, पण तो लिहिला गेला का, ते तिथेच वाचून घ्या. मग सही करा.

तुमच्या गावचा ठराव काय झाला, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भाषणात आपण ते ठराव वाचून दाखवू.